किंमत विचारण्याआधी विचारा : सीटपोस्ट हलतो का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या रोड बाईकवर आलेला लेख आवडीने वाचला. छायाचित्रं सुंदर होती. पण खिशात मोजके पैसे असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तो लेख वाचून उद्या सायकल घ्यायला निघाली तर तिच्या हाती काय लागेल, या काळजीने हे पत्र लिहिते आहे. लेखात क्रोमच्या चकाकीबद्दल, नावाजलेल्या कंपन्यांबद्दल पुष्कळ होतं. फ्रेमच्या मापाबद्दल एक ओळ नव्हती, आणि सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसते आणि जो फ्रेमच्या नळीत वरखाली सरकतो त्या दांड्याचा, तर उल्लेखही नव्हता. माझे पैसे नेमके तिथेच बुडाले.

मी २७ वर्षं शाळेत गणित शिकवलं. पन्नाशीनंतर रोड बाईक चालवावी असं मनाने घेतलं. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनीच्या शोधात लागले. पहिली घेतली ती वजनावर भाळून. सत्तरच्या दशकातली, फ्रेंच बनावटीची, निळी, उचलली तर हातात जड लागेना. सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा स्टिकर. हे नाव मी वाचलेलं होतं. १९३५ साली बाजारात आलेल्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या या नळ्या. उत्तम फ्रेमसाठी त्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ काढत, म्हणजे जोडापाशी ताकद राहते आणि वजन मधून उतरतं. मला एवढं ज्ञान पुरेसं वाटलं. सीट माझ्यासाठी चांगली चार बोटं उंच होती. विकणारे गृहस्थ म्हणाले, “थोडं तेल सोडा, येईल खाली.” त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनीही ती कधी हलवून पाहिली नसावी.

ती खाली आली नाही. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय बसून राहिला आणि त्यात घाम, पावसाचं पाणी झिरपत राहिलं, की दोन धातूंमध्ये बॅटरीत चालते तशी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइड धरतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. ती जागा नळीत नसते, म्हणून पोस्ट पाचर ठोकल्यासारखा आवळून बसतो. तेलाने ऑक्साइड विरघळत नाही. पंधरा दिवस मी रोज तेल सोडत होते. मग मिस्त्रींनी पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून अख्खी फ्रेम पिळून पाहिली. शेवटी वरचा भाग कापून टाकला आणि हॅकसॉचं पातं आत घालून पोस्ट उभा चिरत आणला. तीन संध्याकाळी ते काम चाललं. मी शेजारी उभी होते. पातं चुकून फ्रेमच्या नळीला लागू नये म्हणून ते दर दहा-बारा ओढींनंतर थांबून बोटाने चाचपत होते. मजुरी सायकलीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, आणि त्यांनी ती कमीच लावली होती.

एवढं झाल्यावर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो भाग, उघडला. त्यात दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसणाऱ्या कपांना खड्डे पडलेले. नवे कप घालू म्हटलं तर आटे जुळेनात. इंग्रजी मापाचा ब्रॅकेट १.३७ इंचाचा, इंचाला २४ आटे, आणि त्याचा चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. जपानी सायकलींतही सर्रास हेच माप. इटालियन ३६ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना सरळ आटे. माझ्या फ्रेंच सायकलीत ३५ मिलिमीटर, एकेक मिलिमीटरवर आटा, दोन्हीकडे सरळ. हँडल धरणारा स्टेम सगळ्यांचा २२.२ मिलिमीटर, हिचा २२. पेडलचे आटेसुद्धा निराळे. या मापांचे सुटे भाग मिळत नाहीत असं नाही, पण शोधावे लागतात आणि जो विकतो त्याला त्यांची किंमत ठाऊक असते. फ्रेंच सायकली वाईट होत्या असं यातून कुणी समजू नये. ज्याच्याकडे भागांचा साठा आहे, हात बसलेला आहे, त्याने जरूर घ्यावी. पहिल्यांदाच आणि कमी पैशांत घेणाऱ्याने घेऊ नये.

दुसऱ्या वेळी मी पट्टी, चांगला दोन-अडीच मीटर दोरा आणि वही घेऊन गेले. मागचं चाक काढायचं, दोऱ्याचं एक टोक एका बाजूच्या ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेला, बांधायचं, दोरा पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या ड्रॉपआउटला आणून ताणायचा. आता सीटखालच्या नळीपासून दोरा दोन्ही बाजूंना किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं. अंतर सारखं आलं तर फ्रेम मधल्या रेषेत आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा, जास्त असेल तर सायकल सोडून द्यावी. दहावीच्या मुलांना सममिती शिकवताना हे उदाहरण मला सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. त्याच वेळी वरच्या आणि खालच्या नळीवर, हँडलच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या अंगाने बोट फिरवावं. तिथे रंगाला आडवी चीर किंवा बोटाला सुरकुतीसारखा उंचवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. पुढच्या चाकाचा चिमटा बदलून, नवा रंग मारून ती विकायला ठेवतात, पण ती सुरकुती जात नाही.

या वेळी पाहिलेली सायकल ऐंशीच्या दशकातली जपानी, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची होती. रंगाचे पोपडे निघालेले, हँडलची पट्टी कुजलेली, टायर चिरलेले. शेजारीच एक नव्याने रंगवलेली, लखलखीत उभी होती आणि किंमत जवळपास तीच होती. पण जपानी सायकलीचा सीटपोस्ट बोल्ट सैल करताच सरकला. बाहेर काढून बघितला तर त्यावर त्याच्या जाडीचा आकडा, २७.२ मिलिमीटर, कोरलेला. इंग्रजी-जपानी मापाच्या फ्रेममध्ये हा आकडा आनंदाचा, कारण बाहेरून सारख्याच जाडीच्या नळीत पोस्ट जितका बारीक, तितकी नळीची भिंत जाड आणि जड. स्टिकर कुणीही चिकटवू शकतो, आणि ५३१ च्या स्टिकरमध्येही काही फक्त तीन मुख्य नळ्यांपुरते असतात. पोस्टवरच्या आकड्याची फसवणूक अवघड आहे. स्टेमही हलला. चाकं ७०० सी मापाची, ॲल्युमिनियमच्या रिमची. लखलखीत सायकलीच्या रिम पोलादी होत्या, त्यावर क्रोमचा मुलामा. ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर घसरत राहतं, हे मी उतारावर एकदा अनुभवलं आहे आणि पुन्हा अनुभवायची इच्छा नाही.

चेन मात्र संपलेली होती. नव्या चेनचे १२ पूर्ण दुवे बरोबर १२ इंच भरतात. हिचे भरले एक अष्टमांश इंच जास्त. इतकी ताणलेली चेन फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही खाते, म्हणून चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलायचं हे तिथेच वहीत लिहिलं आणि किमतीत तेवढं मागितलं. मिळालं. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, केबल, ब्रेकची रबरं, हँडलची पट्टी, ग्रीस आणि छर्रे यांसाठी ठरवलेल्या पैशांतला निम्मा भाग मी आधीच बाजूला ठेवला होता. तो जवळजवळ सगळा लागला. हा निम्मा भाग कुणी सांगत नाही, म्हणून लोक सगळे पैसे सायकलीवर घालवतात आणि ती वर्षभर भिंतीला टेकून राहते.

नावाबद्दलही लिहायला हवं, कारण आपल्या लेखात त्यावर भर होता. १९९७ पासून इटलीत गायोले इन कियांती या गावी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. तिथे १९८७ पूर्वीच्या, खालच्या नळीवर गिअरचे खटके असलेल्या, ब्रेकच्या केबल उघड्या आणि पेडलला पाय अडकवायच्या टोक्लिप असलेल्या सायकली चालवतात. असे सोहळे मला मनापासून आवडतात. अशा शौकिनांना काम्पान्योलो या इटालियन कंपनीचे सुटे भाग हवेच असतात आणि ते त्यासाठी किंमत मोजतात. पण ज्याला रोज चालवायची आहे त्याने ती किंमत मोजण्याचं कारण नाही. सनटूर या जपानी कंपनीने १९६४ साली तिरक्या चौकटीच्या डिरेलरचं, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचं, पेटंट घेतलं. त्यात डिरेलरचं छोटं चाक फ्रीव्हीलच्या उताराला धरून सरकतं, म्हणून गिअर हलके पडतात. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही तीच रचना उचलली. म्हणजे साध्या, नाव नसलेल्या सायकलीवरचा जुना सनटूर डिरेलर गिअर पाडण्यात त्या काळच्या कित्येक महागड्या डिरेलरपेक्षा सरस ठरतो. माझ्या सायकलीवर तोच आहे. खटके टकटक न वाजणारे, अंदाजाने ओढायचे. पाच गिअरचं फ्रीव्हील असो की सहाचं, त्यांना फरक पडत नाही.

आणि हे सगळं जुळूनही माप चुकलं तर काही उपयोग नाही. सीट वरखाली होते, स्टेम बदलता येतो, वरच्या दांडीची लांबी बदलत नाही. दोन वेळा मला फार स्वस्तात, फार छान सायकल मिळत होती. दोन्ही मोठ्या होत्या. दुसरी सोडताना जिवावर आलं होतं.

माझी विनंती आपल्याकडेच आहे. आपल्या छोट्या जाहिरातींत जुन्या सायकली असतात. ‘व्हिंटेज, उत्तम स्थितीत, शौकिनांसाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. जाहिरातदाराकडून पाच गोष्टी मागून घ्या : सीटखालच्या नळीची आणि वरच्या दांडीची लांबी, चाक २७ इंची की ७०० सी, मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर १२० की १२६ मिलिमीटर, सीटपोस्ट हलतो का, आणि ब्रॅकेटखालचा क्रमांक शाबूत आहे का. खरवडलेला क्रमांक दिसला तर ती सायकल कुणाची तरी चोरीला गेलेली असू शकते. पाच ओळींची जागा लागेल, पण लांबून येणाऱ्याची फेरी वाचेल.

निळी फ्रेंच सायकल अजून माझ्याकडे आहे. तिची फ्रेम दोऱ्याने मोजली, अगदी सरळ भरली. ती माझ्या मापाची नाही, म्हणून पावसाळ्यानंतर विकायला काढणार आहे. जाहिरात लिहून ठेवली आहे. पहिली ओळ अशी : सीटपोस्ट २६.४, ग्रीस लावलेला, हलतो.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका