ठाण्यातल्या वर्तकनगरच्या जिन्याखालच्या काकांना, माझ्या बाइकच्या पुढच्या चाकाबद्दल

काका,

समोर उभं राहून थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा टाकायला सांगतो" म्हणून विषय बदलता, तीनदा झालंय असं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, तुमची मुलगी वाचून दाखवेल तुम्हाला. नाव टाकत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, आणि तसंही जिन्याखाली पत्र्याची पेटी ठेवून पोरांच्या सायकली नीट करून देणारे काका म्हटलं की आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळतं.

त्या दिवशी मी नितीन कंपनीच्या नाक्यापासून बाइक ढकलत आणत होतो, पाऊस धो धो, आणि तुम्ही गेटवर छत्री घेऊन उभे होतात. पेट्रोल संपलं का विचारलंत. मी म्हटलं नाही, पुढचं चाक डगडगतंय, चालवायची हिंमत होत नाही. तुम्ही पहिलं काय विचारलंत ते मला अजून आठवतंय, "ब्रेक मारल्यावर हलतं, का ब्रेक सोडल्यावर, का कायमच?" दोन गॅरेज फिरून आलो होतो मी, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. एका ठिकाणी रिमला वजनाच्या पट्ट्या चिकटवून बॅलन्सिंग करून दिलं, दुसऱ्या ठिकाणी हँडलचा कोनसेटच, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेरिंग, बदलला, साडेतीन हजार गेले आणि चाक होतं तसंच. घोडबंदर रोडला पन्नासच्या वर गेलं की हँडल हातात थरथरायचं आणि बाजूने ट्रेलर चाललेले असायचे. मी ह्याच गाडीवरून लेकीला मागे बसवून क्लासला सोडत होतो काका. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझी मातीत चालवायची बाइक आहे, पुढे २१ इंची चाक, ३६ स्पोक, ट्यूबवालं टायर. मोठं चाक दगडावरून, खड्ड्यातून सहज वर चढतं म्हणून अशा बाइकला देतात, आणि अलॉय न देता स्पोक देतात कारण आपटल्यावर स्पोकचं चाक थोडं लवतं आणि परत सरळ करता येतं. हे पण तुम्हीच सांगितलंत, मी तीन वर्षं चालवत होतो तरी मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि तुम्ही सकाळी सातलाच खाली. मधला स्टँड नाही ह्या गाडीला, म्हणून इंजिनखालच्या गार्डला विटा आणि त्यावर लाकडाची फळी, तुमच्या शेजारच्या पोराला मागे कॅरियर धरून बसवलंत, पुढचं चाक हवेत. मला वाटलं आता पाना काढतील. तुम्ही पान्याला हातच लावला नाही, जवळजवळ अर्धा तास नुसतं बघत आणि हात लावत होतात.

आधी टायर बघितलंत. टायरच्या कडेला रिमला लागून एक बारीक रेघ असते ती सगळीकडे रिमपासून सारखी दिसली पाहिजे, कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेलं नाही. ते बरोबर होतं. मग दोन्ही शॉकपची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची, खालची टोकं हातात धरून पुढे-मागे ढकललंत, तिथे ठक असं लागलं तर कोनसेट ढिला. ठक नव्हतं, पण हँडल मधोमध सोडल्यावर तिथेच अडकून राहत होतं, बाजूला पडत नव्हतं, तेव्हा तुम्ही म्हणालात की नवीन कोनसेट घातलाय पण पिळून घट्ट केलाय, हँडल स्वतःच्या वजनाने अलगद बाजूला पडलं पाहिजे, नाहीतर हळू चालवताना गाडी दारूड्यासारखी झुलते. म्हणजे आधीचा आजार तसाच आणि दुरुस्तीने दुसरा लावून दिलेला.

मग चाक वर-खाली धरून हलवलंत, मग दोन्ही बाजूंना धरून. मला नुसतं दिसत होतं की हलतंय, कुठून ते कळत नव्हतं. तेव्हा तुम्ही माझा डावा हात घेतलात आणि अंगठा हब (चाकाचा मधला गोल भाग) आणि शॉकपच्या मधल्या फटीवर ठेवलात, म्हणालात आता उजव्या हाताने तूच हलव. आणि अंगठ्याखाली बारीक टक... टक... लागलं. शॉकप जागेवर, हँडल जागेवर, फक्त चाक एक्सलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, हलतंय. बेरिंग, हबमधल्या त्या गोळ्यांच्या रिंगा ज्यांवर चाक फिरतं. दोन महिने ज्याच्यामागे मी पैसे घालत होतो ते माझ्या स्वतःच्या अंगठ्याला लागत होतं. ह्यासाठीच हे पत्र लिहितोय काका. "बेरिंग गेलंय" असं तुम्ही तोंडाने सांगितलं असतंत तर तिसऱ्या मेकॅनिकचं मत म्हणून मी मान हलवली असती, बस.

एक्सल काढला तर तांबूस पाणी आलं बाहेर. टीपॉयच्या काचेवर एक्सल लोळवून बघितलात, सरळ होता, नशीब. बेरिंगच्या आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर वाळू भरल्यासारखी खरखर. आणि बेरिंग ठोकून बाहेर काढल्यावर तुम्ही हबमध्ये टॉर्च मारला आणि गप्पच झालात. मग म्हणालात, "ह्यात स्पेसर कुठाय?"

फेब्रुवारीत मी एका ठिकाणी ही बेरिंग बदलून घेतली होती, तिथे दोन बेरिंगच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, परत घातलीच नव्हती. ती नळी कशाला असते ते तुम्ही पेटीवर खडूने काढून दाखवलंत. एक्सलचा नट आवळला की सगळा दाब दोन्ही बेरिंगच्या आतल्या रिंगांवर येतो, मध्ये नळी असेल तर तो दाब नळी घेते आणि गोळ्या मोकळ्या फिरतात, नळी नसेल तर आतल्या रिंगा एकमेकांकडे ओढल्या जातात आणि गोळ्या कडेला घासत राहतात. अशी बेरिंग नवी असली तरी टिकत नाही. चार महिन्यांत गेली माझी, त्यात मलंगगडच्या पायथ्याचा चिखल.

स्पेसर मागवला तर आठ दिवस लागतील असं कळलं. तुम्ही म्हणालात कशाला, कापून घेऊ. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ ला सुरू झाली आणि तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट, तिथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये तुमची सगळी नोकरी झाली, ती कंपनी बंद होऊन तिथे आता काचेची बिल्डिंग आहे, पण मागच्या गल्लीत एका छोट्या शेडमध्ये तुमच्या जुन्या सोबत्याचं लेथ, लोखंड फिरवून कापायचं मशीन, अजून चालतं. तिथे मला नेलंत. मी जन्मापासून ठाण्यात, वागळेमधून रोज जातो, आत शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. ऑइलचा वास, पायाखाली लोखंडाचा किस, आणि तुम्ही आत शिरल्यावर तिघे-चौघे काम सोडून उठले ते मी बघितलं.

बेरिंग ६२०२ नंबरची. शेवटच्या ०२ वरून आतलं भोक १५ मिमी हे कळतं, ०० असेल तर १०, ०१ ला १२, ०३ ला १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुणायचं. हे पाठ झालंय मला आता, घरातल्या मिक्सरच्या मोटरपासून सगळीकडे नंबर वाचत बसतो. हबमध्ये बेरिंग जिथे टेकते त्या दोन कडांमधलं माप व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) तीनदा घेतलंत आणि नळी त्या मापापेक्षा एक दशांश मिमी जास्त ठेवलीत. आतून एक्सल मोकळा जाईल अशी, बाहेरून फक्त आतल्या रिंगला टेकेल एवढी, बाहेरच्या रिंगला शिवता कामा नये. दोन्ही तोंडं काटकोनात. एक नळी थोडी कमी भरली तर ती भंगारात टाकून दुसरी घेतलीत. मी म्हटलं चालेल की काका, एवढ्याने काय होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत फक्त.

नवीन बेरिंग रात्रभर तुमच्या फ्रीजरमध्ये, काकूंच्या खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. थंडीने बेरिंग किंचित आकसतं, हब गरम पाण्याच्या फडक्याने शेकला की किंचित फुगतो, मग ठोकावं कमी लागतं. एक बाजू पूर्ण आत बसवायची, मग नळी, मग दुसरी बेरिंग नळीला टेकेपर्यंत, आणि ठोकताना फक्त बाहेरच्या रिंगवर, जुनी बेरिंगच वर ठेवून. आतल्या रिंगवर हातोडी पडली की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवी बेरिंग बसवतानाच खराब होते.

मग रिम. शॉकपला वायर बांधून तिचं टोक रिमजवळ आणलंत आणि चाक फिरवलं, जिथे रिम वायरला घासेल तिथे खडूची खूण. बऱ्याच बाइकच्या मॅन्युअलमध्ये रिम २ मिमीपर्यंत आउट, म्हणजे बाजूला हललेली, चालते, आपलं त्याच्या दुप्पट तरी होतं. तुम्ही पान्याने एकेक स्पोक वाजवत गेलात, चांगला स्पोक टाळासारखा टिंग्ग करतो, ढिला नुसता ठप्प. पाच ठप्प निघाले, त्यातले तीन मी ओळखले. रिम डावीकडे आली असेल तर उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा आवळायचे आणि डावे तेवढेच सोडायचे, एकदम कधीच नाही. तुम्ही मंडळात पखवाज वाजवता ना, तसंच कान लावून बसला होतात, एका जागी ताण वाढवला की समोरच्या बाजूला काय झालं ते आधी ऐकायचं. अडीच तास गेले ह्यात, मला वेळ कळला नाही. शेवटी रिम सगळीकडे वायरपासून सारखी, एक मिमीच्या आत.

चाक बसवताना पण मी लगेच सगळं आवळायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत, आधी एक्सलचा नट, मग गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून शॉकप दोन-तीनदा दाबायचा म्हणजे शॉकपचे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात, मग एक्सलला पकडणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट. आणि निघायच्या आधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करायला लावलात, कारण चाक काढल्यावर ब्रेकचे पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. कोनसेट पण सैल करून दिलात, हँडल आता अलगद बाजूला पडतं.

त्या संध्याकाळी मी एकटा उपवन तलावापर्यंत गेलो आणि मग घोडबंदरला गायमुखपर्यंत. साठला हँडल एकदम शांत. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडलो काका, खरंच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, बेरिंगचे आणि लेथवाल्यांचे फक्त. जुनी बेरिंग मी टाकलेली नाही, ऑफिसच्या टेबलावर आहे, कोणी विचारलं की बोट घालून फिरवायला देतो. लेकीने पण फिरवून बघितली, म्हणाली बाबा ह्यात वाळू आहे.

शंभर किलोमीटर झाले की स्पोक परत वाजवून बघायचे असं सांगितलं होतंत, ९४ झालेत. रविवारी सकाळी सातला खाली आहे मी, विटा आणि फळी घेऊन. ह्या वेळी स्पोक मी वाजवतो, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं ऐका.