‘प्रस्ताव पाठवा’ म्हणजे काय पाठवायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलाव, धानशेती, झाडीबोली, वनहक्क या विषयांवर अधिकाराने लिहू शकणारे शिक्षक, निवृत्त तलाठी, कास्तकार पूर्व विदर्भात गावोगाव आहेत. विषय ऐकून प्रकाशक म्हणतो, ‘प्रस्ताव पाठवा,’ आणि इथेच काम अडते. कोणी चारशे पानांचे बाड कुरिअर करतो, कोणी एका पानाचे विनंतीपत्र धाडतो. विषय महत्त्वाचा आहे हे प्रकाशकाला पटलेले असते, म्हणून तर त्याने प्रस्ताव मागितला. हे पुस्तक पुरे होईल का आणि किती फर्म्यांचे (एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांचे) होईल, हे त्याला पाहायचे असते.

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: प्रस्तावाचा ठरलेला नमुना आहे का, नमुना प्रकरण किती शब्दांचे हवे आणि कधीपर्यंत. प्रस्तावाचा ठरलेला नमुना असेल तर तोच पाळावा.

पहिले पान सारांशाचे, अडीचशे ते तीनशे शब्दांचे. सर्वाधिक प्रस्ताव याच पानावर फसतात, कारण विषय आवरलेला नसतो. ‘भंडारा जिल्ह्याचा समग्र इतिहास’ असा प्रस्ताव कोणालाच पेलत नाही. ‘1951 साली मालगुजारी संपल्यावर मामा तलावांच्या पाण्याचे वाटप कसे बदलले’ हा मात्र एका पुस्तकाचा प्रश्न आहे. (मालगुजारी म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत; त्यांच्या काळचे माजी मालगुजारी तलाव ते मामा तलाव.) त्याला काळ आहे, प्रदेश आहे, आणि कागदपत्रे कुठे शोधायची तेही ठरते. पुढे याच उदाहरणावर बोलू.

अनुक्रमणिकेत नुसती शीर्षके देऊ नयेत. प्रत्येक प्रकरणाखाली पाच-सहा ओळी लिहाव्यात: कोणती माहिती, कोणत्या आधाराने, अंदाजे किती शब्द. दहा प्रकरणे आणि 45,000 शब्द धरले, तर डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला तीनशे शब्दांच्या हिशेबाने 150 पाने होतात. सुरुवातीची सहा-आठ पाने धरूनही ती सोळा पानी दहा फर्म्यांत, म्हणजे 160 पानांत बसतात. नकाशे-छायाचित्रांची बारा पाने वाढली की अकरावा फर्मा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून चित्रांची संख्या आताच सांगावी. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नयेत, तिथे ती दाबली जातात. चार इंच रुंद छापायचे चित्र 300 डीपीआयच्या हिशेबाने किमान 1,200 पिक्सेल रुंद लागते. मूळ फाइल ईमेलने द्यावी. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात.

नमुना प्रकरण म्हणून प्रस्तावना पाठवणे ही नेहमीची चूक. प्रस्तावना कोणालाही लिहिता येते. पुस्तकाच्या मधले, सर्वांत अवघड प्रकरण तीन-चार हजार शब्दांत लिहावे. पाळ (तलावाचा बांध), तुडूम (तलावातून पाणी सोडायची मोरी), बोडी (लहान तळे), बांधी (बांध घातलेले धानाचे शेत) हे शब्द तसेच ठेवावेत, त्यांची जागा प्रमाणभाषेतील शब्दांनी भरू नये. शेवटी शब्दसूची देणार असल्याचे प्रस्तावातच नोंदवावे, नाहीतर संपादनात ते शब्द गळतात. आमच्या मते या भागातल्या पुस्तकाचे निम्मे मोल त्या शब्दांतच असते.

आधारांची यादी दोन भागांत करावी: हाती असलेले आणि मिळवायचे. उदाहरणार्थ, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमीन-पाणी-जंगलावरील हक्कांची नोंद), गावनकाशा, 1908 सालचे भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर. गोंदिया जिल्हा 1999 साली वेगळा झाला. त्याआधीचे कागद भंडाऱ्याच्या नावाने शोधावे लागतात. मुलाखती घेतल्या असतील तर किती, कुठल्या गावांत, ध्वनिमुद्रण आहे का आणि छापायला लेखी संमती आहे का, हे लिहावे. संमती पुस्तक तयार झाल्यावर मागायला गेले की वयस्क माणसे भेटतीलच असे नाही. दुसऱ्याच्या लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतो, हे मोठे उतारे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

‘हे पुस्तक सर्वांसाठी’ असे लिहिले की ते कोणासाठीच नसते. सिंचन शिकणारे विद्यार्थी, ग्रामसभा, सार्वजनिक ग्रंथालये, अशी नेमकी नावे घ्यावीत. याच विषयावरची आधीची पुस्तके लपवू नयेत. आपले कुठे वेगळे आहे ते दोन ओळींत सांगावे. लेखकाच्या परिचयाला शंभर शब्द पुरेत.

वेळापत्रक मात्र शेतीच्या पंचांगावर बेतावे. रोवणीच्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि धानकापणीच्या दिवसांत मुलाखतींना कोणी बसत नाही. मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये, तलावांची पाहणी मेमध्ये, जेव्हा पाणी उतरून तुडूम उघडे पडते. ‘सहा महिन्यांत देतो’ असे पावसाळ्याच्या तोंडावर लिहून देणारा हमखास चुकतो.

प्रस्ताव पसंत पडणे म्हणजे करार नव्हे. प्रताधिकार कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. मानधनाचा आकडा त्यात असलाच पाहिजे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एखाद्या प्रकाशकाने स्वीकारलेला प्रस्ताव, लेखकाच्या संमतीने, जसाच्या तसा छापावा ही विनंती. गावात बसून लिहिणाऱ्याला असा खरा नमुना पाहायलाच मिळत नाही.

– हस्तलिखितांचे संपादन करणारे काही वाचक, ता. साकोली, जि. भंडारा