नव्या डांबराची कड: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: घाटरस्त्यांच्या साइडपट्ट्या डांबराच्या पातळीला आणण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

खड्ड्यांबद्दल आपल्याला रोज पत्रं येत असतील. हे पत्र मात्र नुकत्याच झालेल्या, गुळगुळीत रस्त्यांबद्दल आहे.

आम्ही पुण्यातले हौशी सायकलवाले. रविवारी पहाटे कोंढव्यातून निघायचं, बोपदेव घाट चढायचा, भिवरी, चांबळी, हिवरे करत सासवड गाठायचं, मग नारायणपूर, चिवेवाडीचा घाट उतरून कापूरहोळ आणि जुन्या कात्रज घाटानं घरी. क्लबात निवृत्त काका आहेत, तशी कॉलेजातली पोरंही. सगळ्यांत मागे एक मुरलेला सायकलवाला असतो; दमलेल्याला घाटात एकटं टाकून कुणी पुढे जायचं नाही. सासवडची कुठली मिसळ चांगली यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही, पण तो विषय आपल्या खात्याचा नाही.

खात्याचा विषय असा. जुन्या डांबरावर नवा थर पडतो, काही वर्षांनी त्यावर आणखी एक. रस्ता उंचावत जातो, साइडपट्टी होती तिथेच राहते. त्यात घाटात पावसाचं पाणी उताराला कडेकडेनं धावतं आणि असलेला मुरूमही घेऊन जातं. मग डांबराच्या कडेला चार बोटं, कुठे वीतभर खोल पायरी तयार होते. मोटारीत बसलेल्याला ती दिसतही नाही.

चढावर आमचा वेग ताशी सात-आठ किलोमीटर. इतक्या कमी वेगात चाक थोडं डावी-उजवीकडे होतंच. वळणावर मागून डंपर हॉर्न देतो, सायकलवाला कड धरतो आणि जेमतेम इंचभर रुंदीचं टायर पायरीवरून खाली जातं. कुणीही अशा वेळी हँडल झटकन रस्त्याकडे वळवतो. टायर कडेला घासत राहतं, वर काही चढत नाही, आणि माणूस उजवीकडे पडतो. म्हणजे डंपरच्या बाजूला. आमच्यातल्या एकीचं कॉलरबोन असंच मोडलं. डंपर वेळेत थांबला. घाट कुठला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तेवढ्याच घाटात दोन ट्रॉल्या मुरूम पडेल आणि विषय मिटेल.

आम्ही निदान हेल्मेट घालून, हौसेनं येतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सरकारच सायकल देतं. कॅरिअरला दप्तर लावून त्या याच कडेनं जातात. सायकल एका खात्यानं द्यायची आणि कडेची पायरी दुसऱ्यानं, हे बरं दिसत नाही.

जानेवारी 2026मध्ये पुणे ग्रँड टूर ही 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली. तिच्यासाठी रस्ते झपाट्यानं झाले, म्हणजे मनात आणलं की जमतं. पण शर्यतीच्या वेळी वाहतूक बंद असते. तिथे कुणाला डंपरसाठी कडेला व्हावं लागत नाही.

मागणी एकच आहे. मोजमाप पुस्तिकेत डांबराच्या थराबरोबर साइडपट्टीचं माप चढल्याशिवाय ठेकेदाराचं अंतिम बिल निघू नये. पट्टी मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून झालेली हवी. कडेला ओतून ठेवलेले ढीग नकोत. तीव्र उतारावर मुरूम टिकत नाही, तिथे काँक्रीट करा. तेही परवडत नसेल तर निदान डांबराची कड उभी न ठेवता उतरती दाबून घ्या. अमेरिकेत पेव्हरलाच, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्रालाच, एक जोड लावून सुमारे 30 अंशांची तिरपी कड काढतात. घसरलेलं चाक त्यावरून परत वर येतं. त्याला लागणारं जास्तीचं डांबर फार नसतं.

उतारावर वेग कमी करायला टाकलेल्या रंबलरच्या उंच पट्ट्या टोकाशी दीड-दोन फूट मोकळ्या सोडल्या तर उपकार होतील, पण ते मागाहून झालं तरी चालेल.

दिवाळीनंतर डांबराची कामं पुन्हा सुरू होतील. साइडपट्टीचं परिपत्रक त्याआधी निघावं.

आपला,
पुण्यातल्या एका सायकल क्लबचा सभासद