मला रोपं न विकणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ घ्या, गोड बोला.

काल भोगीची भाजी केली. पावटा, सोलाणा आणि बोरं हडपसरच्या मंडईतून आणली, पण वांगी आणि गाजरं आमच्या गॅलरीतली होती. चार वांगी, मूठभर गाजरं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापता थापता तुमची इतकी आठवण आली, की तव्यावरची भाकरी उतरवली आणि मुलीला म्हटलं, आज मावशींना पत्र लिहायचंच.

तुमचा नातू हे तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवेल. समोर आभार मानायला गेले की तुम्ही "जाऊ दे गं" म्हणता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता वळायला जागा नाही.

गेल्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा हडपसरजवळच्या मांजरी गावात, तुमच्या रोपवाटिकेत आले ते रडकुंडीला येऊन. त्याआधी एका रस्त्याकडेच्या गाडीवरून टोमॅटोची तीन मोठी, फुलावर आलेली रोपं घेतली होती. फूल आहे म्हणजे आठ दिवसांत फळ, असा माझा हिशोब. आठ दिवसांत रोपंच माना टाकून बसली. तुमच्याकडे शेडनेटखाली हिरव्यागार ट्रेच्या रांगा पाहिल्या आणि जीव सुपाएवढा झाला. मी म्हटलं, टोमॅटोची सहा रोपं द्या. तुम्ही म्हणालात, "ताई, आत्ता नगा नेऊ."

मला खरंच वाईट वाटलं होतं. वाटलं, सहा रोपांसाठी कोण ट्रे मोडेल? तुमच्याकडे तर टेम्पो लावून हजारांनी रोपं नेणारे शेतकरी येतात. पण तुम्ही मला बाजूच्या पत्र्याच्या सावलीत बसवलंत, माठातलं पाणी दिलंत आणि सांगितलंत, की एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंटच्या गॅलरीत टोमॅटोला फूल येईल, पण ते गळेल. फळ धरणार नाही. पुढे वाचल्यावर त्यामागचं कारण कळलं. दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर राहिलं आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, की परागकण नीट काम करत नाहीत, मग फळधारणा होत नाही. तुम्ही परागकण हा शब्दही न वापरता ते मला समजावलं होतं.

"जूनला या," म्हणालात. "तवर माती करा."

आणि रिकाम्या हाती पाठवलं असंही नाही. जुन्या कंपोस्टच्या ढिगातून पाटीभर काळंभोर, भुसभुशीत खत गोणीत भरून दिलंत आणि म्हणालात, "हे विरजण समजा." तो शब्द माझ्या मनात इतका चपखल बसला! दुधाला विरजण लावावं तसं ओल्या कचऱ्याला. भोकं पाडलेल्या बादलीत तळाला सुकी पानं, मग भाजीची देठं आणि सालं, वर तुमचं विरजण, पुन्हा सुकी पानं. वास आला तर घाबरायचं नाही, पानं वाढवायची. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या ताई झडलेली पानं रोज गोळा करून कोपऱ्यात जाळायच्या. मी त्यांना म्हटलं, मला द्या. आता त्या स्वतःच पोतं भरून जिन्यात ठेवतात. आमच्याकडे पानं जाळणं तेव्हापासून थांबलंय, मावशी.

जूनमध्ये मृगाचे चार थेंब पडल्यावर आले, तेव्हा तुम्ही मला जे दाखवलंत ते मी आजवर बहुतेक वीस जणांना तरी दाखवलं असेल.

मी ट्रेमधली सगळ्यात उंच रोपं निवडायला लागले होते. तुम्ही माझा हात धरलात. एक बुटकं, जाड दांड्याचं रोप बुडाशी चिमटीत धरलंत, ट्रेच्या खालच्या भोकातून बोटाने हळूच ढकललंत, आणि कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, तो इवला शंकू अख्खा बाहेर आला. त्याभोवती पांढऱ्याशुभ्र मुळांची जाळी. शेवया चिकटवाव्यात तशी. मग शेजारच्या जुन्या ट्रेमधलं एक उंच रोप काढलंत. त्याची मुळं तपकिरी, एकमेकांत गुंतून गोल गोल फिरलेली. "हे म्हातारं झालं. उंच हाय म्हणून भुलू नका. आधी मूळ बघायचं, मग पान." तुम्ही सांगितलेले दिवस मी फ्रीजवर लिहून ठेवलेत. टोमॅटोचं रोप पंचवीस ते तीस दिवसांचं घ्यायचं, वांगी-मिरचीचं पस्तीस ते पंचेचाळीस.

माझी ती फुलावरची तीन रोपं का गेली, ते मला त्या एका क्षणात कळलं. कुणी दोष न देता कळलं, हे जास्त महत्त्वाचं.

त्या दिवशी तुम्ही मला टोमॅटोची चार, वांग्याची तीन आणि मिरचीची चार रोपं दिलीत. मी कोथिंबीर, मेथी, मुळा आणि गाजराचीही रोपं मागितली, तर तुम्ही पुन्हा नाही म्हणालात! यांची रोपं लावत नाहीत, थेट बी टाकायचं. गाजराचं रोप उपटून लावलं तर मूळच वाकडं होतं, त्याला फाटे फुटतात. मेथीसाठी तर घरातलेच दाणे पुरे. धणेही स्वयंपाकघरातले घ्या, फक्त हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. कुठल्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात हो, की ही वस्तू माझ्याकडून घेऊ नका, तुमच्या डब्यातच आहे?

मातीचं तर तुमचं ठाम मत. मी कौतुकाने सांगितलं होतं, की सासवडजवळच्या आमच्या रानातली काळी माती आणणार आहे. "काळी माती रानात सोनं, कुंडीत वीट." वाळली की भेगा पडतात, भिजली की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. शिवाय वजन. रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत नुसती ओली माती भरली तर तीसेक किलो सहज होते, आणि अशा दहा बादल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवायच्या होत्या. हा विचार मी केलाच नव्हता. मग तुमच्या सांगण्यावरून एक भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग कंपोस्ट, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. भोकं तळाला पाडलीच, शिवाय कडेलाही, तळापासून बोटभर वर. भोकांवर नारळाची शेंडी. बादल्या गॅलरीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीकडेने ओळीने मांडल्या.

लावायची वेळ संध्याकाळची. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत खोल गाडायचं, कारण त्याच्या दांड्यालाही मुळं फुटतात. वांगी आणि मिरची मात्र ट्रेमध्ये होती तेवढीच खोल. हे वेगळं सांगितलं नसतंत तर मी सगळीच गाडली असती. पहिले तीन दिवस जुन्या सुती ओढणीची सावली केली.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. पाऊस चालू असताना मी पाणी घालत नव्हते, एवढं तुमच्या धाकानेच साधलं. दोन मेथीच्या पेरण्या सडल्या, तिसरी आली.

सप्टेंबरमध्ये मिरचीची पानं आकसली आणि मी तुम्हाला फोन केला. औषध सांगा म्हटलं. तुम्ही विचारलंत, "पान वर वळलंय का खाली?" मी गॅलरीत जाऊन पाहिलं. तोवर मी पानाकडे कधी असं पाहिलंच नव्हतं. दोन झाडांची पानं कडेने वर वळून होडीसारखी झाली होती. एकाची पानं खाली वळून उलट्या होडीसारखी. चौथ्याची तर पार चुरगळून बारीक झालेली, झाडच खुजं राहिलेलं. तुम्ही सांगितलंत, वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी नावाची बारीक कीड, आणि चौथं ते चुरडा-मुरडा, पांढऱ्या माशीने आणलेला रोग. त्याला औषध नाही. "ते उपटा. आजच. बाकीची वाचवायची असली तर."

मला ते झाड उपटवत नव्हतं. त्याला दोन मिरच्या लागल्या होत्या. तुम्ही फोनवर गप्प थांबलात. घाई केली नाहीत. मग हळूच म्हणालात, "उपटलं का?" मी हो म्हटलं, तेव्हा तुम्ही "बरं केलं पोरी" म्हणालात. ताईची पोरी त्या दिवशी झाले. बाकीच्या तिघांवर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, त्यात थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला, दर आठवड्याला. तुमच्या दुकानात रंगीत बाटल्या नव्हत्या असं नाही, कपाटात मी पाहिल्या होत्या. त्यातली एकही तुम्ही मला घ्यायला लावली नाहीत. तिन्ही झाडं सावरली. आजही ठेचा आमच्याच मिरचीचा होतो.

टोमॅटोचा किस्सा तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे, तुमच्या नातवाने सांगितलं! ऑक्टोबरमध्ये टोमॅटो लाल व्हायच्या आधीच बुडाला काळे पडायला लागले. मी कीड शोधत होते. फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडं गुरुवारी पाणी बंद असतं ना?" लागोपाठ दोन गुरुवार आमच्या भागात पाणी आलं नव्हतं. ऊन मी म्हणत होतं, त्या दिवशी झाडांना मी काहीच घालत नव्हते, आणि शुक्रवारी भरभरून ओतत होते. पाणी असं कमी-जास्त झालं की झाडाला कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचवता येत नाही, म्हणून बूड काळं पडतं. कीड नव्हतीच. बुधवारी रात्री एक बादली भरून ठेवायची आणि मातीवर सुक्या पानांचा थर द्यायचा, एवढाच उपाय. पुढचे टोमॅटो स्वच्छ निघाले. महानगरपालिकेच्या नळाच्या वेळापत्रकावरून टोमॅटोचा आजार ओळखणारं माणूस मला तरी दुसरं माहीत नाही.

आता वांग्यांचं. तुम्ही मुद्दाम मांजरी गोटा दिलात. "आमच्या गावाचं नाव हाय त्यावर." जांभळा रंग, त्यावर पांढऱ्या रेषा, गोल गरगरीत, आणि देठाला काटे. पहिलं वांगं तोडताना मुलीच्या बोटात काटा गेला, तरी तिने ते सोडलं नाही, तसंच ओट्यापर्यंत आणलं. मी देठ तसाच ठेवून चार चिरा दिल्या आणि दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला भरून केलं. आतलं बी अगदी कोवळं होतं, सुरी लागल्यावर कच्चकन आवाज आला. हे गाव आमच्यापासून दहा मिनिटांवर आणि इतकी वर्षं मी वांगी घेताना त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं.

मावशी, मी सहा रोपांचं गिऱ्हाईक. माझ्यामुळे तुमचा धंदा वाढला असं म्हणण्याएवढं काही मी विकत घेतलं नाही. उलट तुम्हीच मला वेळोवेळी घेऊ दिलं नाहीत. मार्चमध्ये चार पैसे घेऊन रोपं दिली असतीत तर ती मेली असती, आणि मी कुंड्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या असत्या. तेव्हा माझं तेवढंच ठरलं होतं. त्या दुपारी तुम्ही नाही म्हणालात, म्हणून आज माझ्या घरात भाजी उगवते. हे मी मनापासून लिहिते आहे. तुमचे पाय धरावेत असं वाटतं, पण तुम्ही धरू देणार नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक वांगं झाडावरच ठेवलंय. हे संकरित नाही, बी धरता येतं, असं तुम्ही म्हणाला होतात. आता ते पुरतं पिवळं झालंय, जड होऊन फांदी वाकलीय, तिला सुतळीने आधार दिलाय. मुलगी रोज शाळेतून आल्यावर त्याला हात लावून बघते. पुढच्या आठवड्यात तोडून, गर पाण्यात कुस्करून, तळाला बसेल ते बी सावलीत वाळवणार आहे. अर्धं तुमचं.

तुमचे दोन ट्रे धुऊन, वाळवून ठेवलेत. येत्या रविवारी सकाळी घेऊन येते. भाकरी आणि ठेचाही आणते, माठातलं पाणी तुमचं.

तुमची,
हडपसरची पोरगी