वहिनीच्या बाळाबद्दल

डब्लिन

ति. आईस,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर तू रडायला लागलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. रात्रपाळी करून आलेय, झोप लागेना, म्हणून लिहिते.

आत्या म्हणते, बाप्तिस्मा झाला नाही म्हणून बाळ लिंबोत, म्हणजे ना स्वर्ग ना नरक अशा जागी, राहणार, त्याला देवाचं दर्शन कधीच नाही. धाकट्याने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, की पोपने २००७ मध्ये लिंबो रद्द केला, सगळी बाळं थेट स्वर्गात. नऊ तासांचं लेकरू गेलं, अन् वहिनी या दोघांचं ऐकत बसलीय. खरं तर दोघंही चुकतायत.

बाबा चादरीच्या काठाला नुसता हात लावून सांगायचे, ही आपली की पानिपतची. लेबल दोन्हींवर सोलापुरीच. मीही तसंच केलं, मूळ कागदच काढून वाचला. इथल्या हॉस्पिटलच्या फादरांनी क्रमांक सांगितला: कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, परिच्छेद १२६१. हा ग्रंथ १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केला, आणि क्रमांक कुठल्याही भाषेत तोच राहतो. त्यात लिंबोचं नावही नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, आणि त्यांच्यासाठी तारणाचा मार्ग आहे अशी आशा धरायला जागा आहे, असं लिहिलंय. ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे येशूचं वचनही तिथेच दिलंय.

मग लिंबो आला कुठून? संत ऑगस्टिन अशा बाळांबद्दल फार कठोर होते, त्यांना सौम्य का होईना पण शिक्षा आहे म्हणायचे. मध्ययुगातल्या पंडितांनी ते मऊ करत लिंबोची कल्पना मांडली. पुढे शेकडो वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात ती शिकवली गेली, आत्याही तेच शिकली, तिचा काय दोष. पण ख्रिस्तसभेने तो श्रद्धेचा सिद्धान्त म्हणून कधीच जाहीर केला नाही. म्हणजे रद्द करायला मुळात काही नव्हतंच. २००७ चा कागद व्हॅटिकनला सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाचा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो छापायला संमती दिली, एवढंच. आणि आयोग स्वतःच म्हणतो, की ही प्रार्थनापूर्वक आशेची कारणं आहेत, खात्रीचं ज्ञान नव्हे. वहिनीला बरं वाटावं म्हणून मी ‘नक्की’ हा शब्द लिहिणार होते, खोडला. उद्या कुणी तोच शब्द पकडून तिला परत रडवलं तर?

आत्याला एकट्यात गाठून सांग. चारचौघांत नको, ती हट्टाला पेटेल.

आता एक कामाचं. बाळाला गुपचूप पुरलं, प्रार्थना झाली नाही, कारण ‘चालत नाही’ असं कुणीतरी सांगितलं. चालतं. आईबापांचा बाप्तिस्मा करायचा विचार होता आणि बाळ आधीच गेलं, तर बिशप चर्चच्या अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यात (कॅनन लॉ) तसं कलम ११८३ आहे. आपलं सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, म्हणून दादाला म्हणावं, आपल्या फादरांना कलम दाखव आणि आता कबरीवर काय करता येईल ते विचार. नुसत्या ‘हो-नाही’वर उठू नकोस म्हणावं.

आणखी एक, पण हे वहिनीच्या कानावर आत्ता घालू नकोस. जीव जायची वेळ असेल तेव्हा योग्य हेतूने कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्सही, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. मला हे माहीत होतं, आणि त्या रात्री मी फोन उचलला नाही. ड्यूटीवर होते. हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

तिला कडक भाकरी चावत नसेल तर दुधात कुस्करून दे, पण खाऊ घाल. पैसे सोमवारी पाठवते.

बाळाचं नाव काय ठेवणार होते, ते मला कुणी सांगितलंच नाही. वहिनीला हळूच विचारून कळव. रविवारच्या मिस्सात इथल्या फादरांना ते नाव घ्यायला सांगणार आहे.

तुझी,
धाकटी