उन्हाळी नाट्यहंगाम : नेपथ्यासाठी सामान हवे, त्याहून अधिक हात हवेत

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत दर शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी मंडळाची तीन निरनिराळी नाटके होणार आहेत. शुक्रवारचा वाडा शनिवारी सरकारी कचेरी होतो आणि रविवारी खाणावळ. प्रत्येक नाटकाला वेगळा सेट करण्याइतका पैसा नाही. असता तरी ठेवायला जागा नाही. म्हणून तिन्ही नाटके त्याच २४ फ्लॅटांवर, म्हणजे लाकडी चौकटीला कापड लावून केलेल्या सुट्या भिंतींवर, बसवली आहेत. त्यांतले १० धड आहेत. उरलेले वाळवीने खाल्ले. तेव्हा १४ नवे करायचे आहेत.

नुसते ‘मदत करा’ म्हटले की लोक चांगल्या मनाने नको ते आणून देतात, म्हणून काय हवे आणि तेच का, हे नीट लिहितो.

फ्लॅट ८ बाय ४ फुटांचा. याहून उंच केला तर टेंपोत मावत नाही आणि देवळापुढच्या मांडवात छताला लागतो. चौकट २ बाय १ इंच पट्ट्यांची. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण ४ फूट, उभ्या पट्ट्या त्यांच्यामध्ये, ७ फूट ८ इंचांच्या. हे उलटे करू नये : उभी पट्टी जमिनीपर्यंत आणली की फ्लॅट सरकवताना तिचे टोक फुटते. मधली आडवी पट्टी आणि दोन तिरके आधार धरून एका फ्लॅटला साधारण ३३ फूट लाकूड लागते. १४ फ्लॅटांना, कापण्यात जाणारा माल धरून, ५१० रनिंग फूट. लाकूड कोणतेही चालेल, फक्त सरळ आणि वाळलेले हवे. गिरणीतून ताजी कापलेली ओली पट्टी मे महिन्याच्या उन्हात पीळ घेते आणि मग शेजारच्या फ्लॅटाशी फट पडते. त्या फटीतून मागचा दिवा दिसतो आणि प्रेक्षक नाटक सोडून तीच बघत बसतात.

कोपरे ६ मिलिमीटर प्लायच्या त्रिकोणांनी जोडायचे. १० इंची चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, त्यामुळे एका शीटमध्ये सगळ्या फ्लॅटांचे कोपरे निघून वर तुकडेही उरतात. प्लायची नस सांध्याला आडवी ठेवायची आणि त्रिकोण कडेपासून एक इंच आत, म्हणजे दुसरा फ्लॅट काटकोनात चिकटून बसतो. ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही ८ फूट ११ इंचांच्या किंचित वर, आणि सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे.

कापड म्हणजे कोरा मांजरपाट, पन्हा ५४ इंच, एकूण ४० मीटर. तो ताणून लावू नये. खळ दिली की कापड आक्रसते आणि ताणलेले असेल तर चौकट कमरेत आत खेचली जाते. रंगाआधी बोरॅक्स ७ भाग आणि बोरिक ॲसिड ३ भाग कोमट पाण्यात विरघळवून कापडाला पाजायचे, म्हणजे ते सहज पेट घेत नाही. भिजले तर हे धुऊन जाते, पुन्हा द्यावे लागते. मेअखेरच्या एखाद्या वळिवाच्या सरीनेही.

सुट्या पिनेच्या बिजागऱ्या ६० जोड हव्यात; पितळी किंवा जस्त चढवलेल्या, कारण आपल्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी पिना एका हंगामात अडकतात. सगळ्या बिजागऱ्या एकाच साच्याने, ठरलेल्या उंचीवर लावायच्या. कुठलाही फ्लॅट कुठल्याही फ्लॅटाला लागला पाहिजे, नाहीतर तीन नाटकांचा हिशेब कोसळतो.

रंग पाण्याचाच, डिस्टेंपर : पांढरा, काळा, गेरू, पिवळी माती. ऑइलपेंट कृपा करून देऊ नका. तो दिव्याखाली चकाकतो आणि त्यावर दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग धरत नाही. गेल्या हंगामानंतर उरलेले अर्धे डबे बहुतेक त्याचेच असतात, हे ठाऊक आहे.

शिवाय वाळूच्या पिशव्यांसाठी जाड कापडाची किंवा ताडपत्रीची पोती ३०. प्रत्येकीत १५ किलो वाळू भरायची, दोन फ्लॅटांमागे एक ब्रेस (फ्लॅटाला मागून टेकू देणारा तिरका दांडा) आणि ब्रेसवर एक पिशवी. बंदिस्त नाट्यगृहात एवढे पुरते. उघड्या मांडवात मात्र ३२ चौरस फुटांचा फ्लॅट शिडासारखा वारा धरतो, तिथे दोन पिशव्या. आणि लेव्हलच्या (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यांच्या) सांध्यात घालायला जुना काथ्याचा पायपोस कुणाकडे असेल तर तोही द्या. पात्र चालताना लाकूड कुरकुरत नाही.

सामान जमेल, पण माणसे जमवणे अवघड. एक नाटक उतरवून दुसरे उभे करायला आठ जण लागतात : सहा फ्लॅटांना, एक सामानाला, एक यादी घेऊन. फ्लॅट दोघांनी, उभा धरून, एक हात वर आणि एक खाली असा न्यायचा. आडवा उचलला की मधे लवतो. मागे रंगीत चिकटपट्टी आणि आकडा असतो, वाडा निळा, कचेरी लाल, खाणावळ पिवळी. अंधारात हे वाचता यावे म्हणून आकडे मोठे लिहितो. दोन तालमी पाहिल्या की नवखा माणूसही तयार होतो. सुट्टीतली कॉलेजची मुले चालतील, चप्पल घालून येणारी मात्र नाहीत. बंद बूट हवेत. सुतारकाम येणारे चार जण दर शनिवार-रविवारी सकाळी मिळाले, तर १४ फ्लॅट तीन आठवड्यांत उभे राहतील.

रोख मदत दिल्यास लगेच पावती मिळेल, आणि कोणत्या वस्तूसाठी खर्च झाला ते हंगामानंतर मंडळाच्या शेडच्या फळ्यावर लिहू. लाकूड व प्लाय आणताना आधी कळवा. वाळवीची माती किंवा किडीची भोके दिसली तर माल आत घेता येणार नाही, कारण एक पट्टी बाकीच्या दहा फ्लॅटांना पोखरते. सामान शेडच्या मागच्या दाराने, शनिवारी व रविवारी दुपारी ४ नंतर आणावे. लांब पट्ट्या आणायला टेंपो नसेल तर आम्ही पाठवू. मृगाच्या आत सगळे फ्लॅट चिऱ्यांवर उभे करून झाकायचे आहेत. त्या दिवसासाठीही दहा माणसे हवीत, नावे आत्ताच द्या.