फ्रेमच्या दुकानात भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव लिहू नको असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. मे महिन्यात नागपुरात सीताबर्डीवरच्या दुकानात मी "लॅमिनेशन करून द्या" म्हणत होते आणि मागून तुमचा आवाज आला, "काहून गं पोरी, त्याचा जीव कोंडतेस?"

आजीकडचं यशोदेचं चित्र ते. महाल भागातल्या घरी देवघराशेजारी टांगलेलं, जेमतेम वीतभर. कडेने बुरशीचे ठिपके. मी पावसाळ्याला बोल लावत होते. तुम्ही विचारलंत, "समोर कूलर आहे का?" होता. अख्खा उन्हाळा त्याची ओली हवा थेट यशोदेच्या तोंडावर.

मग भिंग काढलंत. चित्रातली ती तीन मुलं कोण, हे मला लहानपणापासून कोडं होतं. "एकच पोरगा, तीनदा काढलाय!" डावीकडे शिंक्याला हात घालणारा, मध्ये उखळापाशी आईच्या तावडीत, उजवीकडे दोन अर्जुनवृक्षांमधून उखळ ओढणारा. यशोदेच्या हातातल्या दोरीची टोकं एकमेकांना पोचतच नाहीत. भागवतात दोरी दोन बोटं कमी पडते ना, तीच ही फट. इतक्या वर्षांत मला दिसली नव्हती. आणि उन्मळलेल्या झाडांपाशी हात जोडून उभे असलेले कुबेरपुत्र नलकूबर-मणिग्रीव? मी त्यांना गावकरी समजत होते.

किती जुनं असेल, हे मी जरा हावरटपणेच विचारलं. १७व्या शतकातल्या बसोहली चित्रांत, म्हणजे जम्मूकडच्या डोंगराळ भागातल्या लघुचित्रांत, दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखांचे तुकडे चिकटवत, तिरकं धरलं की चमकतात, असं सांगत तुम्ही आमचं चित्र उजेडात तिरकं धरलंत. साधा हिरवा रंग. "नक्कल आहे. पण हात चांगला आहे." मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू!

तरी त्या नकलेसाठी तुम्ही दोन दिवस घातलेत. सावलीत वाळवून मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटकलीत, काच रंगाला टेकू नये म्हणून दुकानदाराला मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला लावलंत. पैशांचं काढलं तर बिनसाखरेचा चहा मागितलात. मनापासून आभार, काका.

चित्र आता आतल्या खोलीत आहे. कूलर हलवायला बाबा तयार झाले नाहीत. अधूनमधून मी ते खिडकीशी नेऊन तिरकं धरून बघते. उगाच.

तुमची,
महालातली पोरगी